साडेतेरा परस

मला विहिरीत पोहता येतं, हे आमच्या घरात सगळ्यांना माहीत आहे. माहीत आहे म्हणजे, नाइलाजानं माहीत आहे. टीव्हीवर ऑलिंपिकची पोहण्याची शर्यत लागू दे, कुणाच्या मुलाला पोहण्याच्या क्लासला घातल्याचं कळू दे, नाहीतर नुसतं नळाला पाणी येऊ दे, माझी गाडी माण तालुक्यातल्या आमच्या विहिरीवर जाऊन थांबते. लग्नाला त्रेचाळीस वर्षं झाली. एवढ्या काळात आमच्या हिनं ती विहीर इतक्या वेळा ऐकली आहे, की मी मधेच अडखळलो तर पुढचं वाक्य ती स्वयंपाकघरातून पुरवते.

पण गेल्या उन्हाळ्यापर्यंत तिनं मला पोहताना एकदाही पाहिलेलं नव्हतं. पुण्यात बदली झाली तेव्हा मी हौसेनं एका तलावावर गेलो होतो. दारातच नियमांचा फलक. टोपी सक्तीची, आधी अंघोळ सक्तीची, उडी मारण्यास सक्त मनाई. आता उडीच मारायची नाही तर पाण्यात जायचं कशाला? नुसतं भिजायचं तर घरी बादली होती. मी फलक शेवटपर्यंत वाचला आणि परत आलो. त्यानंतर पस्तीस वर्षं माझं पोहणं फक्त तोंडी चालू राहिलं.

विहीर आमच्या चुलत्यांच्या मळ्यातली. एका अंगाला मोटेची धाव, आतल्या कपारींत पारवे, वर वाकलेल्या बाभळीला सुगरणीचे खोपे आणि पाण्यात कायमचा मुक्कामाला एक विरोळा. विरोळा बिनविषारी असतो, हे मोठी माणसं आम्हाला काठावर उभी राहून सांगायची. पोहायला शिकवण्याची पद्धत सोपी होती. पोराच्या पाठीला पांगाऱ्याचा बिंडा बांधायचा आणि मागून ढकलायचं. संपली शिकवणी. पांगाऱ्याचं लाकूड हलकं, त्यामुळे बिंडा तरंगायचा आणि त्याच्याखाली आपण. बुडायला लागलेला माणूस आपोआप पोहायला लागतो, अशी आमच्या चुलत्यांची श्रद्धा होती. आठ दिवसांनी ते बिंडा न बांधताच ढकलायचे, आणि तसं आधी सांगायचे नाहीत.

घरी न सांगता पोहायला जाण्यात एकच अडचण होती, ती म्हणजे आई. डोकं पुसून, केसांत माती चोळून, लांबचा रस्ता घेऊन घरी आलो तरी ती काही न बोलता माझा हात हातात घ्यायची आणि मनगटाच्या वर नखानं एक रेघ ओढायची. पाण्यात डुंबलेल्या कातडीवर पांढरी फक्क रेघ उठते. ती उठली की पुढचा कार्यक्रम ठरलेला असायचा. पुढं मी सरकारी नोकरीत अनेक चौकश्या पाहिल्या, पण इतकी झटपट आणि बिनचूक चौकशी पाहिली नाही.

विहिरीची खोली आमच्याकडं परसात मोजतात. एक परस म्हणजे साधारण एक पुरुषभर उंची, सहा फूट धरा. आमची विहीर सात परस. मोट गेली, इंजिन आलं; इंजिन गेलं, मोटर आली. मग शेजारच्या रानात एकानं बोअर मारलं, ते पाहून त्याच्या शेजाऱ्यानं मारलं, आणि मग सगळ्यांनीच मारलं. आता विहिरीच्या तळाला वेडी बाभूळ उगवली आहे. आमचा थोरला भाऊ, दादा, तिथंच असतो, डाळिंब करतो. तो म्हणतो, "आपली हीर आता फकस्त तुझ्या बोलण्यात भरल्याली असती."

तर गेल्या उन्हाळ्यात आम्ही दोघं मुलीकडं टेक्सासला गेलो. जावईबापूंनी मोटारीनं ग्रँड कॅन्यनला जायचा बेत आखला. आखला म्हणजे अक्षरशः आखला. एक्सेलमध्ये. त्यात लघवीला थांबण्याच्या जागासुद्धा निळ्या रंगात होत्या. डॅलसहून निघून अमारिलोला मुक्काम आणि दुसऱ्या दिवशी पश्चिमेकडं न्यू मेक्सिको. अमारिलोच्या बाहेर एका शेतात दहा कॅडिलॅक गाड्या नाकं जमिनीत खुपसून ओळीनं पुरल्या आहेत. १९७४ मध्ये कुणी कलाकारांनी हे काम केलं. लोक लांबून येतात आणि त्यांच्यावर रंगाचे फवारे मारून जातात. ही बराच वेळ बघत होती. मग म्हणाली, "उगवल्या नाहीत वाटतं."

पुढं रस्ता सरळ, जमीन तांबूस, झुडपं खुरटी, आभाळ कोरडं. मला एकदम माहेरी आल्यासारखं वाटायला लागलं. म्हसवडच्या पुढं असाच रस्ता आहे, फक्त तिकडं मधेच शेळ्या येतात. न्यू मेक्सिकोची हद्द ओलांडली आणि घड्याळ एक तास मागं गेलं. जावईबापूंनी तो तास लगेच एक्सेलमध्ये जमा केला आणि जाहीर केलं, "बाबा, आता सांता रोझाला आपल्याला सव्वादोन तास मिळतील. ब्लू होल बघायचं आहे."

"काय बघायचं आहे?"

"ब्लू होल. निळं भोक."

"भोक बघायला सव्वादोन तास?" ही मागच्या सीटवरून म्हणाली.

सांता रोझा हे गाव तीन हजार वस्तीच्या आतलं. आमचं गाव याहून मोठं आहे, हे मी लगेच सांगून टाकलं. एके काळी शिकागोहून लॉस एंजेलिसकडं जाणारा प्रसिद्ध रूट ६६ गावाच्या मधून जायचा. १९७२ मध्ये मोठा हायवे गावाला वळसा घालून गेला आणि गावाचं ते झालं जे बायपास झाल्यावर सगळ्या गावांचं होतं. जुनी मोटेलं, पेट्रोलपंपांचे सांगाडे, रंग उडालेल्या पाट्या. फक्त वडापाव नव्हता. पण वाळवंटात असूनही हे गाव स्वतःला नैसर्गिक तळ्यांचं शहर म्हणवतं. जमिनीखालचे चुनखडीचे आणि जिप्समचे थर पाण्यात विरघळले, वरचं छप्पर ठिकठिकाणी खचलं आणि त्या खड्ड्यांत खालचं पाणी वर आलं. थोडक्यात, रस्त्याला खड्डा पडतो त्याच न्यायानं. फक्त यांनी खड्ड्याभोवती बाग केली, बाकं ठेवली, कपडे बदलायला खोली बांधली आणि गाडी लावायचे पैसे घ्यायला सुरुवात केली.

शनिवार होता. गाडी लावून आम्ही थोडं चालत गेलो, दगडी कठडा आला, मी वाकून खाली पाहिलं आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "अहो, ही तर विहीर आहे!"

होतीच ती विहीर. गोल तोंड, खडकाच्या कडा, उतरायला पायऱ्या. निळंशार पाणी, इतकं स्वच्छ की तळाशी टाकलेली सुई सापडावी. आणि त्या विहिरीत तीस-चाळीस अमेरिकन माणसं, बायका, पोरं टप्पाटप्पा उड्या मारत होती. जगातला सर्वांत श्रीमंत देश, घराघराच्या मागं पोहण्याचे तलाव, आणि शनिवारी दुपारी हे लोक दोन-दोनशे मैल गाडी हाकत येऊन माझ्या चुलत्यांच्या मळ्यात जे चालायचं तेच करत होते. मला इतकं बरं वाटलं की विचारू नका.

जावईबापूंनी मोबाईल काढून माहिती द्यायला सुरुवात केली. तोंडाचा व्यास साठ फूट. खोली एक्याऐंशी फूट. तळाशी व्यास एकशेतीस फूट, म्हणजे वरून लहान आणि आत पोट सुटलेलं, रांजणासारखं.

मी मनातल्या मनात हिशोब केला. साडेतेरा परस.

"आमच्या साताऱ्याजवळ लिंबला बारा मोटेची विहीर आहे," मी म्हणालो. "शाहू महाराजांच्या काळात वीरूबाई भोसल्यांनी बांधलेली. पन्नास फूट रुंद आणि एकशेदहा फूट खोल असं सांगतात. आत महाल आहे. हिला महाल आहे का?"

"नाही बाबा, ही नैसर्गिक आहे."

"म्हणजे बांधकाम नाहीच."

"नाही."

"मग रुंदीला दहा फूट जास्त, खोलीला एकोणतीस फूट कमी आणि महाल नाही," असा निकाल देऊन मी विषय संपवला. परदेशात असे छोटे छोटे विजय मिळवावे लागतात.

तेवढ्यात पायऱ्यांवरून काळे रबरी अंगरखे घातलेली, पाठीवर नळकांडी बांधलेली पाच-सहा माणसं पाण्यात उतरायला लागली. पायांत बदकाचे पंजे.

"हे मोटर काढायला आलेत का?" मी विचारलं.

"नाही बाबा. पाणबुडे आहेत. हौशी. लांबून लांबून येतात इथं शिकायला. परवाना काढावा लागतो, सर्टिफिकेट दाखवावं लागतं."

"आमच्याकडं फुटबॉल काढायला असं उतरतात."

जावईबापू जरा थांबले. ते मूळचे दादरचे. "विहिरीत फुटबॉल पडायचे?"

आता फुटबॉल म्हणजे मोटरच्या पाइपाच्या खालच्या टोकाला असतो तो व्हॉल्व्ह. कंपनी त्याला फूटव्हॉल्व्ह म्हणत असेल, पण माण तालुक्यात त्याला फुटबॉलच म्हणतात. त्यात पालापाचोळा अडकला की पाणी उचलत नाही. मग कुणीतरी दम धरून खाली जायचं आणि तो साफ करायचा. आमच्या गावात एक जण होता, तो पाच परस खाली जाऊन फुटबॉल मोकळा करून वर यायचा, आणि मोबदला काय, तर एक बिडी आणि चहा. रबरी अंगरखा नाही, नळकांडं नाही, सर्टिफिकेट तर त्याला मृत्यूनंतरच मिळालं. इथं लोक पैसे भरून तळाशी जातात आणि हात हलवत वर येतात. मी हे सगळं जावईबापूंना समजावून सांगितलं. त्यांनी ते टिपून घेतलं की काय, कळलं नाही, पण मोबाईलवर काहीतरी टाइप केलं खरं.

मग त्यांनी आणखी एक माहिती नेमकी हिच्यासमोर दिली. तळाच्या खाली गुहा आहेत, १९७६ मध्ये दोन विद्यार्थी पाणबुडे तिथं अडकून गेले, आणि तेव्हापासून त्या तोंडावर लोखंडी जाळी बसवली आहे. ही काही बोलली नाही. तिनं फक्त माझ्याकडं पाहिलं, आणि माझ्या हातातली पोहण्याच्या कपड्यांची पिशवी काढून स्वतःच्या खांद्याला अडकवली.

पण खरा घाव पुढच्या आकड्यानं घातला. या भोकातून मिनिटाला तीन हजार गॅलन पाणी आपसूक वर येतं. पंप नाही, काही नाही. खालून दाबानं येतं, काठाशी असलेल्या वाटेनं बाहेर पडतं आणि ओढ्याला लागून चालू लागतं. १९३२ मध्ये सरकारनं याच पाण्यावर मासे वाढवायचं केंद्र काढलं होतं.

गॅलनमध्ये काही कळत नाही हो. मी लिटर केले. अमेरिकन गॅलन पावणेचार लिटरांच्या आसपास, म्हणजे मिनिटाला अकरा हजार लिटरांच्या वर. आणि आमच्याकडं उन्हाळ्यात पाणी घेऊन येतो तो टँकर दहा-बारा हजार लिटरचा.

"मिनिटाला एक टँकर," मी म्हणालो.

आम्ही दोघंही मग कठड्याला टेकून त्या बाहेर जाणाऱ्या पाण्याकडं बघत राहिलो. मी घड्याळ लावलं. एक टँकर गेला. दुसरा गेला. आमच्याकडं टँकर येतो तेव्हा आधी त्याची बातमी येते, मग भांडण येतं आणि सगळ्यांत शेवटी पाणी येतं. हंड्यांच्या रांगेत कुणाचा हंडा कुणाच्या पुढं होता यावरून बोलणं बंद झालेली घरं मला माहीत आहेत. इथं तिसरा टँकर गेला, चौथा गेला, आणि त्याच्याकडं बघणारं आम्हा दोघांशिवाय कुणी नव्हतं. दिवसाला १४४०. पाचव्या टँकरला ही म्हणाली, "इतकं चांगलं पाणी, आणि एक बाई हंडा घेऊन आली नाही."

नातीला हे टँकरचं प्रकरण कंटाळवाणं झालं. ती नऊ वर्षांची आहे आणि तिच्या आजीसारखीच मुद्द्यावर येते. "आबा, तुम्ही वेलमध्ये उडी मारायचात ना? मग मारा ना."

मी म्हणालो, पाणी थंड असेल. जावईबापू म्हणाले, बारा महिने एकसष्ट फॅरनहाइट, म्हणजे सोळा सेल्सिअस. बाहेर पस्तीसच्या पुढचं ऊन. मी म्हणालो, जेवण होऊन फार वेळ झाला नाही. मुलगी म्हणाली, साडेतीन तास झाले. मी म्हणालो, आता कपडे कुठं बदलणार? नातीनं खोलीकडं बोट दाखवलं. मी हिच्याकडं पाहिलं. त्रेचाळीस वर्षांत प्रथमच मला वाटलं की हिनं मला अडवावं. हिनं खांद्यावरची पिशवी काढून माझ्या हातात दिली.

"जा," ती म्हणाली. "बिंडा तेवढा आणायचा राहिला."

मुलीनं माझ्यासाठी गुडघ्यापर्यंतची चड्डी आणली होती, तीवर पोपट होते. हिरवे, प्रत्येकाच्या चोचीत लाल फळ. आमच्या विहिरीवर लंगोटही चैनीत मोडायचा, त्यामुळे इतक्या पक्ष्यांना घेऊन पाण्याकडं जाताना मला संकोच झाला. पण आजूबाजूला पाहिलं तर कुणाच्या पाठीवर गरुड गोंदलेला, कुणाच्या दंडावर कवटी. त्या मेळ्यात माझे पोपट सज्जनच दिसत होते.

उडी मारायचा खडक पाण्यापासून दोन पुरुष उंच असेल. तिथं पोरांची रांग होती. रांग, बरं का. विहिरीवर. पुढचा उडी मारून बाजूला झाला की मगच पुढच्याचा नंबर. माझा नंबर आला तेव्हा मागचा दांडगा पोरगा म्हणाला, "टेक युवर टाइम, सर." आणि दोन पावलं मागं सरकला.

इथंच सगळा घोटाळा झाला. मी खडकाच्या टोकाला उभा राहिलो आणि वाट बघायला लागलो. कशाची, ते माझं मलाच कळेना. मग लक्षात आलं. मी मागून धक्का लागायची वाट बघत होतो. माझ्या आयुष्यातल्या पहिल्या सगळ्या उड्या मी मारलेल्या नव्हत्या, माझ्याकडून मारून घेतलेल्या होत्या. चुलते ढकलायचे, भाऊ ढकलायचे, तेही नसले तर आई काठी घेऊन येताना दिसायची. आपणहून, विचार करून, मागं कुणी नसताना पाण्यात पडण्याची मला सवयच नव्हती. आणि या देशात कुणी कुणाला ढकलत नाही. सगळे माझ्या निर्णयाचा आदर करत शांत उभे होते.

शिवाय खाली बघण्याची चूक केली. आमच्या विहिरीचं पाणी हिरवं, शेवाळी. हातभर खालचं दिसायचं नाही. सात परस खोल आहे म्हणायचे, आम्ही विश्वास ठेवायचो आणि उडी मारायचो. इथं साडेतेराच्या साडेतेरा परस डोळ्यांना दिसत होते. पार खाली ते पाणबुडे डबक्यातल्या डोकेमाशांएवढे झाले होते आणि त्यांच्या तोंडातून निघालेले बुडबुडे चांदीच्या चवल्यांसारखे लुकलुकत वर येत होते. पाण्यात बुडण्याची भीती मला कधी वाटली नाही. ही भीती पाण्यात नव्हे, हवेत पडण्याची होती.

"आबा," मागून नातीचा आवाज आला. ती केव्हा खडकावर चढून आली होती कुणास ठाऊक. "ढकलू का?"

"ढकल," मी म्हणालो.

आता मुटक्याबद्दल दोन शब्द सांगतो, कारण त्याशिवाय पुढचं कळणार नाही. सूर मारणं हे देखणं काम, पण त्याला विहिरीवर फारशी प्रतिष्ठा नव्हती. सूर मारणारा पाण्यात सुरीसारखा शिरतो, कुणाला पत्ता लागत नाही. मुटका म्हणजे हवेत असतानाच गुडघे छातीला लावायचे, नडग्यांना हातांचा विळखा घालायचा, हनुवटी आत घ्यायची आणि अंग किंचित मागं कलवून बुडाच्या एका अंगावर पाण्यावर आदळायचं. सरळ पडलात तर नुसता धपकन आवाज येतो. जास्त कललात तर पाठ सोलते. बरोबर कललात तर आधी पाण्यात खळगा पडतो, मग तो मिटताना मधून पाण्याचा खांब उसळतो आणि काठावर कोरडा राहून गंमत बघणाऱ्यांना भिजवतो. काठावरचा माणूस भिजला तरच तो मुटका. इथली पोरं कॅननबॉल म्हणून जे काही मारत होती, त्यात कुणाचे गुडघे सुटत होते, कुणी नाक धरत होतं. नाक धरलं की विळखा एका हाताचा राहतो. त्याला आमच्याकडं मुटका म्हणत नाहीत.

नातीचा धक्का लागला आणि चुलत्यांनी शिकवलेलं अंग आपोआप मिटलं. गुडघे पूर्वीसारखे छातीपर्यंत आले नाहीत, मधे पोट होतं. पण विळखा बसला. हवेत असताना मला वर बाभळ दिसेल असं वाटलं. दिसली नाही.

पाणी लागलं नाही, चावलं. सोळा अंश हा आकडा मोबाईलवर ऐकायला निरुपद्रवी वाटतो. अंगाला लागला की छातीतली सगळी हवा एकदम घर सोडून जाते. मी वर आलो तेव्हा माझ्या तोंडून जो आवाज निघाला तो माझा नव्हता, आमच्या आज्जीचा होता. "अयायायाय आई गं!" खडकांवरून तो दोनदा घुमला. आणि मग टाळ्या. कठड्यावरच्या बायका, खडकावरची पोरं, तो गरुडवाला, सगळे टाळ्या वाजवत होते. पायरीवर उभे राहून माझा व्हिडिओ काढणारे जावईबापू डोक्यापासून कमरेपर्यंत निथळत होते. मोबाईल पुसत होते. म्हणजे माप अजून बिघडलेलं नाही.

मी दोन हात मारले. येत होतं. पाणी अंगाला जरा ओळखीचं झालं तसा मी उताणा पडलो. गोल आभाळ, त्याला खडकाची कड, आणि कडेवरून वाकून बघणारी माणसं. विहिरीतून जग कायम असंच दिसतं. फक्त त्या कडेवर या वेळी चुलते नव्हते. ही होती, एक हात कपाळाला आडवा धरून, ऊन लागत होतं म्हणून.

किती वेळ होतो? मला वाटलं अर्धा तास. एक्सेलनुसार सहा मिनिटं. बाहेर आलो तेव्हा दातांवर दात इतके वाजत होते की नातीनं त्याचाही व्हिडिओ काढला. हिनं टॉवेल पुढं केला. आता काहीतरी कौतुकाचं बोलेल म्हणून मी थांबलो. ती म्हणाली, "त्या गोष्टीत विरोळा खरा होता का?"

"खरा होता."

"मग बाकीचंही असेल," ती म्हणाली आणि पायऱ्या उतरून जाऊन, साडी घोट्यांच्या वर धरून, तिनं त्या पाण्यात पाय घातले. आणि लगेच काढले.

संध्याकाळी गावातच मुक्काम केला, कारण एक्सेलमधला तास माझ्या कापऱ्यात खर्च झाला होता. जेवायला गेलो तिथं वाढणाऱ्या बाईनं विचारलं, लाल की हिरवी? मिरची. हा या राज्याचा अधिकृत प्रश्न आहे, म्हणजे विधिमंडळानं ठरवलेला. ही खूश झाली. एवढा विचार करणारं विधिमंडळ तिनं पाहिलं नव्हतं. हिरवी मागवली, चाखली, आणि पर्समधून खर्ड्याची बाटली काढली.

खोलीवर येऊन मी दादाला व्हिडिओ कॉल लावला. आमचे रात्रीचे आठ, तिकडं सकाळचे साडेसात. दादा डाळिंबात उभा होता. त्याच्या मागं ठिबकच्या नळ्या दिसत होत्या, त्यांतून काही ठिबकत नव्हतं.

"दादा, आज विहिरीत पोहलो."

"खोटं बोलू नगंस. अमेरिकेत कुठली हीर?"

"अरे खरंच. साडेतेरा परस. मुटका मारला."

"हात दाव," दादा म्हणाला. "रेघ वढ."

मी बाही वर केली आणि मनगटाच्या वर नखानं रेघ ओढली. पाण्यातून बाहेर येऊन चार तास झाले होते, पण तिथली हवा कोरडी. उठली पांढरी फक्क. दादानं मोबाईल डोळ्यांच्या अगदी जवळ नेला. स्क्रीनभर त्याची एक भुवई दिसायला लागली.

"हाय खरं," तो म्हणाला. "पाणी किती हाय?"

"काठापर्यंत. वाहून जातंय बाहेर. मिनिटाला एक टँकर."

"मोटर कितीची बसवल्याय?"

"मोटर नाही, दादा. आपलं आपण वर येतं."

"इंजन?"

"इंजिनपण नाही."

"म्हंजी लाईट गेली तरी येतंय?"

"हो."

"रातचं बी?"

"रात्रंदिवस."

दादा बराच वेळ गप्प राहिला. मला वाटलं रेंज गेली. पण त्याच्या मागची डाळिंबं वाऱ्यावर हलत होती.

"शेजाऱ्यानं अजून बोअर मारल्यालं दिसत न्हाई," दादा म्हणाला.